सुलक्षणा गेली की राहिली

कुरुंदवाडे सरांनी जन्मभर भूगोल शिकवला, आणि त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल इचलकरंजीत कधी कुणी शंका घेतली नव्हती. वर्गात ते नकाशा टांगत नसत. पाठमोरे उभे राहून फळ्यावर कृष्णा काढत आणि तिला मिळणाऱ्या नद्या बोलता बोलता जोडत जात. निवृत्तीनंतरही रस्त्यात भेटलेल्या विद्यार्थ्याला ते त्याच्या बाकासकट ओळखत. त्यामुळे अण्णा विसरायला लागलेत असा आईचा फोन आला तेव्हा त्यांची मुलगी त्रिशला आधी हसलीच.

"हसू नकोस," आई म्हणाली. "थोरल्या काकांचंही असंच सुरू झालं होतं. तू ये."

मग आईने जे सांगितलं ते ऐकताना त्रिशलाचं हसू हळूहळू मावळलं. घरी दोघंही 'वळणावरचं घर' नावाची मालिका बघत. कुरुंदवाड्यांच्या जैन घरात जेवणं दिवस मावळायच्या आत उरकत. मग अण्णा मंदिरात स्वाध्यायाला जात आणि आई साडेसातला मालिका लावून बसे. दुसऱ्या दिवशी दुपारी आई आडवी झाली की अण्णा तोच भाग पुन्हा लागे तेव्हा बघत. संध्याकाळी जेवताना दोघं त्यावर बोलत. अलीकडे मुलगी पुण्यात, बाकी विषय संपलेले, तेव्हा ही मालिका म्हणजे त्यांच्या गप्पांचा मोठाच आधार झाला होता.

त्या दिवशी आई सहज म्हणाली होती की बिचारी सुलक्षणा, परक्या गावात एकटीनं सगळं निभावतेय. सुलक्षणा म्हणजे मालिकेतली साठीला आलेली बाई. अण्णांनी घास हातात धरून विचारलं, कुठलं परकं गाव? कालच्या भागात तर ती घरीच होती, नवऱ्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसली होती. आई म्हणाली, अहो, ती घर सोडून गेली की, एसटीत बसून. अण्णा म्हणाले, बॅग काढली होती, पण पुन्हा माळ्यावर टाकली. आईने पुष्कळ समजावलं. अण्णांनी सुलक्षणाच्या पातळाचा रंगसुद्धा सांगितला. न घडलेली गोष्ट माणूस इतकी तपशिलात सांगतो, याचीच आईला जास्त भीती वाटली, कारण थोरले काका मेलेल्या माणसांच्या भेटीगाठी अशाच रंगवून सांगायचे.

त्रिशला शुक्रवारी घरी पोचली, तेव्हा अण्णा बदललेले दिसले. दाराशी येऊन त्यांनी तिची बॅग घेतली, पण गप्पा मारल्या नाहीत. स्कूटर त्यांनी शेजारच्या मगदुमांना वापरायला देऊन टाकली होती. स्वाध्यायाला जाणं बंद केलं होतं, कारण तिथे गाथा पाठ म्हणाव्या लागत आणि एखादा शब्द चुकला तर काय, अशी धास्ती होती. सकाळी अंघोळ करताना ते पुटपुटत होते ते तिने बाहेरून ऐकलं. वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना. मग जरा थांबून पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी एकही नदी चुकवली नव्हती, तरी बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा नापास झालेल्या मुलासारखा होता. सोमवारी मिरजेच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं होतं.

शनिवारी दुपारी आई झोपल्यावर अण्णांनी टीव्ही लावला. त्रिशला मागे जेवणाच्या टेबलापाशी वाटाणे सोलत बसली. मालिकेकडे तिचं लक्ष नव्हतं, ते अण्णांच्या मानेकडे होतं. मग ओळखीचं नाव कानावर पडलं म्हणून तिने वर पाहिलं. पडद्यावर सुलक्षणा स्वयंपाकघरात उभी होती. आजारी नवरा पलंगावरून हाक मारत होता आणि ती पेज ढवळता ढवळता "आले, आले" म्हणत होती. घर तेच, माणसं तीच. बाई कुठेही गेलेली नव्हती.

त्रिशलाच्या हातातली शेंग हातातच राहिली. काल संध्याकाळी आईशेजारी बसून तिने हाच भाग पाहिला होता. त्यात सुलक्षणा कुठल्याशा डोंगराळ गावात मुलींच्या वसतिगृहाच्या अंगणात रांगा लावत होती, आणि नवरा फोनवर विचारत होता की हिंगाची डबी कुठे आहे.

अण्णा ठीक होते. दोघंही ठीक होते. गोष्टच दोन होत्या.

आणि हे ध्यानात आलं त्याच क्षणी त्रिशलाला त्यामागचं कारणही उमगलं, कारण तिची नोकरीच त्या कारणाशी जोडलेली होती.

पुण्यात पाषाणला एका प्रयोगशाळेत ती सेट-टॉप बॉक्स तपासायची. कुठल्याही कंपनीची पेटी कुठल्याही वाहिनीचा कार्यक्रम नीट चालवू शकली पाहिजे, यासाठी सगळ्यांनी मिळून नियम ठरवलेले असतात. त्यांना मानक म्हणतात. पेटी त्या मानकाबरहुकूम वागते की नाही, हे बघणं तिचं काम. लोकांना वाटतं टीव्हीवर फक्त चित्र आणि आवाज येतो. प्रत्यक्षात त्याच लहरींवरून छोटे छोटे प्रोग्रामही येतात आणि घरातली पेटी ते चालवते. क्रिकेटचा धावफलक, बातम्यांखालची पट्टी, कोडी, मतदान हे सगळं त्यातलंच.

यात एक अडचण पहिल्यापासून आहे. प्रक्षेपण केंद्र बोलू शकतं, पण त्याला ऐकू येत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी एकदा सुटला की हाका मारून उपयोग नसतो. तो भात, वरण, कोशिंबीर घेऊन ओळीने फिरत राहतो आणि आपल्यासमोर आला की हवं ते घ्यायचं. केंद्रही असंच करतं. जे काही द्यायचं असेल ते सगळं, सगळ्यांना, पुन्हा पुन्हा फिरवत राहतं. ज्या पेटीला जे हवं ते ती आपल्या पाळीला उचलते.

गेल्या वर्षी या मानकात एका नव्या प्रकरणाची भर पडली होती. मालिकेच्या एकाच भागाबरोबर तिचे पर्यायी प्रसंगही हवेत फिरवायचे, आणि कुठला दाखवायचा ते पेटीने ठरवायचं. बघणाऱ्याचा कल पेटी स्वतःच ओळखणार. त्याने कुठे आवाज वाढवला, कुठला प्रसंग मागे नेऊन पाहिला, कुठे खुर्ची सोडली. वीज वाचावी म्हणून खोलीत माणूस आहे की नाही हे कळायची सोय पेटीत होतीच. रिमोट कुणाच्या हातात आहे हे ती हाताच्या हालचालीवरून ताडत असे, कारण प्रत्येकाची रिमोट धरायची ढब निराळी. यातलं काहीही घराबाहेर जात नव्हतं. वाहिनीलासुद्धा कळत नव्हतं की कुठल्या घरात कुठली गोष्ट चालू आहे. म्हणूनच मानक ठरवणाऱ्या समितीला हे प्रकरण निर्धोक वाटलं होतं. चाचणी म्हणून ते मोजक्या शहरांत सुरू झालं होतं, त्यात इचलकरंजी होतं. पेटी बसवताना पडद्यावर बारीक अक्षरातली परवानगी आली होती आणि अण्णांनी 'मंजूर' दाबलं होतं, जसं सगळेच दाबतात.

त्रिशलाने हे प्रकरण प्रयोगशाळेत बारकाईने तपासलं होतं. पण तिथे खुर्चीत माणूस नसे. संगणक खोटा प्रेक्षक होऊन बटणं दाबत असे. त्या खोट्या प्रेक्षकाला बायको नव्हती.

आई उठल्यावर तिने दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. आईला निम्मं कळलं नाही. अण्णांना पहिल्या दोन वाक्यांतच हवं ते कळलं. ते उठून मागच्या अंगणात गेले. थोड्या वेळाने परत आले तेव्हा डोळे धुतलेले होते.

"म्हणजे सोमवारी मिरजेला जायचं नाही," ते म्हणाले.

"नाही, अण्णा."

त्यांनी मगदुमांकडून स्कूटर आणवली आणि कारण नसताना स्टेशन रोडपर्यंत एक फेरी मारून आले. येताना पेढे आणले. आई एकीकडे हसत होती आणि एकीकडे पदराने डोळे पुसत होती. गोष्ट इथेच संपली असती. पण भूगोलाच्या माणसाला दुसऱ्या वाटेने गेलं तर काय लागतं याची उत्सुकता असतेच. पेढा खाता खाता अण्णांनी विचारलं, हिची गोष्ट मला बघता येईल का?

येत होती. मागचे भाग पेटीत साठलेले होते. त्रिशलाने पडद्यावर दोन नावं तयार केली, अण्णांचं सुकुमार आणि आईचं पद्मजा, आणि रिमोटची ढब ओळखण्याचा प्रकार बंद केला. आता ज्याचं नाव निवडावं त्याची गोष्ट लागणार होती.

रविवारी दुपारी तिघांनी मिळून आधी आईची गोष्ट पाहिली. सुलक्षणा पहाटे उठते, डब्यात चार दिवस टिकतील अशा दशम्या करून ठेवते, झोपलेल्या नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते आणि एसटी स्टँडवर जाऊन बसते. भांडण नाही, रडारड नाही. गाडी येते, ती चढते, खिडकीजवळची जागा मिळाल्यावर एवढंसं हसते. मग त्यांची गोष्ट लावली. त्यात सुलक्षणा बॅग भरते, नवऱ्याला ताप भरतो, ती बॅग माळ्यावर टाकते आणि पट्ट्यांसाठी कपडा फाडायला घेते. पुढे भागामागून भाग ती पलंगाशीच बसलेली.

आईने हे बघितलं आणि विचारलं, "हे पेटीनं कशावरून ठरवलं? तुम्हाला असं हवंय म्हणून?"

"मी काही मागितलं नव्हतं," अण्णा म्हणाले.

त्रिशलाने पेटीचा हिशेब समजावून सांगितला. सुलक्षणाचं घर सोडायचं बोलणं निघालं की अण्णा खुर्चीतून उठून जात. पेटीने त्याचा अर्थ लावला की या माणसाला हे बघवत नाही. अण्णा जरा चिडलेच. म्हणाले, माझा गुडघा आखडतो, म्हणून मधेच उठून पाणी पिऊन येतो. त्यात सुलक्षणाचा काय संबंध? आणि आईने स्टँडवरचा प्रसंग मागे नेऊन पाहिला होता, म्हणून तिच्यासाठी त्याच पेटीने सुलक्षणाला गाडीत बसवून दिलं. आई म्हणाली, असेल, आणि चहा ठेवायला उठली.

सोमवारी त्रिशला पुण्याला परतली. गुडघ्याचं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तिने प्रयोगशाळेत त्याच मॉडेलची पेटी घेतली आणि एक खोटा प्रेक्षक तयार केला. त्याला कसलीही आवडनिवड नाही. तो फक्त ठराविक वेळाने उठतो आणि परत येऊन बसतो, पडद्यावर काहीही चालू असो. मालिकेत सोडून जाण्याचे प्रसंग बहुधा भागाच्या मध्यावर येत, कारण लेखकांना जाहिरातींच्या आधी ताण हवा असे. काही भागांतच पेटीने या प्रेक्षकाबद्दल मत बनवलं. त्याच्याही घरात सुलक्षणा पट्ट्या ठेवत बसली. मग त्रिशलाने दुसरा प्रेक्षक केला, जो वाटेल तेव्हा प्रसंग मागे नेतो. त्याचीही एक ठाम गोष्ट तयार झाली. पेटीला मनातलं काहीच कळत नव्हतं. ती फक्त उठणं-बसणं बघत होती आणि त्यावरून माणूस रचत होती. आणि एकदा रचला की पुढचे प्रसंग त्याच वळणाचे पुरवून तो आणखी पक्का करत होती.

तिला बरं वाटलं. तिने आईला फोन करून सगळा प्रयोग सांगितला. म्हणाली, त्या गोष्टी मनावर घेऊ नका, पेटीला काही कळत नाही. अण्णांचा गुडघा होता आणि तुझंही असंच काहीतरी असणार.

पलीकडे आईने टीव्हीचा आवाज बारीक केला.

"पहिल्यांदा शेजारच्या कुकरची शिट्टी झाली म्हणून मागं घेतलं," ती म्हणाली. "ऐकू आलं नव्हतं. नंतर मागं घेतलं तेव्हा कुकर वाजला नव्हता."

मग आईने जे सांगितलं ते तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, हे त्रिशलाला माहीत होतंच. त्रिशलाचं बालपण आरोग्य केंद्रांच्या ओसरीवर गेलं होतं. आईच्या बरोबरीच्या कुसुमताई मडावी निवृत्तीनंतर गडचिरोलीकडे आपल्या गावी परतल्या होत्या. धानोऱ्याजवळ त्या मुलींना सुईणीचं आणि नर्सिंगचं शिक्षण देत. दिवाळीआधी त्यांनी आईला बोलावलं होतं. अडलेली बाई कशी सोडवायची हे पुस्तकातून येत नाही, त्याला तुझे हात लागतील, वर्षभर तरी ये, असं म्हणाल्या होत्या. आईने तिथल्या तिथे नाही म्हणून टाकलं.

"का गं?"

"यांचं जेवणखाण कोण बघणार म्हणून. खरं तर ते बघतील. भात-आमटी येते त्यांना." आई पुढे म्हणाली, "मी त्यांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते की जा म्हणाले असते, ते मला माहीतच नाही. चाळीस वर्षं झाली आणि माहीत नाही, बघ की."

त्रिशलाने सल्ला दिला नाही. तिला एवढंच वाटलं की पेटीने चुकून एक दार ढकललं होतं आणि आता ते लोटून घ्यायचं की उघडायचं हे आईचं आईने ठरवायला हवं. आईने उघडलं. पुढचं त्रिशलाला दोघांकडून वेगवेगळं कळलं.

आईच्या सांगण्यानुसार अण्णा ऐकून घेतल्यावर संतापले, पण जाण्यावरून नव्हे. ज्या गोष्टीचा सुगावा एका डब्याला लागला ती मला कुणी सांगायची की नाही, म्हणून. दोन दिवस ते मोजकंच बोलले. अण्णांच्या सांगण्यानुसार ते संतापले नव्हते, विचार करत होते. गुडघ्याचं खरं होतं, पण सगळं गुडघ्याचं नव्हतं, हे त्यांनी त्रिशलाजवळ कबूल केलं. थोरल्या काकांना शेवटी काकूंशिवाय कुणीच ओळखू येत नव्हतं. काकू खोलीबाहेर गेल्या की ते घाबरायचे. ते अण्णांनी जवळून पाहिलं होतं.

"मला वाटलं, आपलंही तसं झालं आणि ही नसली तर," ते म्हणाले. "पण झालेलं काहीच नाही. न झालेल्या दुखण्यासाठी तिला उशाशी बसवून ठेवायचं, हे बरं दिसत नाही."

तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी आईला गडचिरोलीतल्या नद्या सांगायला सुरुवात केली. वैनगंगा कुठे वळते, इंद्रावती कुठे मिळते, पावसाळ्यात कुठले रस्ते तुटतात, म्हणून कुठल्या महिन्यात जाणं बरं. आईने ओळखलं की हे 'जा' म्हणणं आहे. होळी झाल्यावर ती गेली. कोल्हापूरहून गाडीत बसवायला अण्णा स्वतः आले होते.

इकडे त्रिशलाने आपल्या वरिष्ठांना, खासनीसांना, प्रयोगाचे निष्कर्ष दाखवले. पेटीत बिघाड नव्हता. ती मानकाच्या अक्षराअक्षराला धरून वागत होती, आणि खासनीस पहिल्यांदा तेच म्हणाले. आपलं काम पेटी तपासणं, मानक नव्हे. मग तिने अण्णांनी स्कूटर देऊन टाकल्याचं सांगितलं. एक धडधाकट माणूस स्वतःला वेडा समजायला लागला होता, कारण आपण वेगळी गोष्ट बघतोय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. असे आणखी किती असतील? खासनीसांनी चष्मा पुसला आणि तिला समितीपुढे नेलं.

समितीत वाहिन्यांचे लोक होते, पेट्या बनवणारे होते. तिची मागणी लहान होती: गोष्ट मूळ वाटेवरून वळली की पडद्याच्या कोपऱ्यात एक खूण दिसावी, आणि बटण दाबून मूळ गोष्ट बघता यावी. वाहिन्यांचं म्हणणं की खूण दिसली की गोष्टीतली जादू जाते. एकाने विचारलं, प्रेक्षकाला हवं तेच दाखवतो आहोत, यात फसवणूक कुठे आहे? त्रिशला म्हणाली की हवं ते दाखवत नाही, कोण कधी पाणी प्यायला उठलं त्यावरून दाखवतो. आणि खोट्या प्रेक्षकाचा प्रयोग त्यांच्यासमोर करून दाखवला. आवडनिवड नसलेल्या संगणकासाठी पेटीने मन लावून गोष्ट निवडली, तेव्हा दोघंतिघं हसले. बटणाची मागणी फेटाळली गेली. खूण मात्र मंजूर झाली, एक पिवळा ठिपका. घराघरांतून मग विचारणा सुरू झाल्या: तुमच्याकडे ठिपका आहे का? आमच्याकडे सून माहेरी गेली, तुमच्याकडे? लोक एकमेकांच्या घरी जाऊन एकमेकांच्या गोष्टी बघू लागले. असं होईल हे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं.

आई गेल्यावर त्रिशला महिन्यातून एकदा इचलकरंजीला जाई. अण्णांचं बरं चाललं होतं. भाताला कधी मीठ नसे, पण घर नीट होतं, स्वाध्याय पुन्हा सुरू झाला होता. मालिका ते आता साडेसातच्या आत परत येऊन वेळेवर बघत. तिच्या लक्षात आलं की ते स्वतःचं नाव निवडत नाहीत. ते 'पद्मजा' दाबत.

"ती तिकडं काय करते ते कळायला नको?" ते म्हणाले. पडद्यावरच्या सुलक्षणाबद्दल म्हणाले की दुसऱ्या कुणाबद्दल, हे तिने विचारलं नाही. वसतिगृहाच्या विहिरीचं पाणी आटलं की ते अस्वस्थ होत. एका मुलीचा ताप उतरला तेव्हा त्यांनी "बरं झालं" असं मोठ्याने म्हटलं. धानोऱ्याला आईच्या फोनला रेंज रडतखडत मिळायची, आठवड्यातून दोनदा बोलणं झालं तर झालं.

दोन-तीन महिन्यांनंतर एका खेपेला त्रिशला गेली तेव्हा तिला गोष्टीचा रोख बदललेला वाटला. वसतिगृह तेच, सुलक्षणा तीच, पण आता नवऱ्याचे प्रसंग वाढले होते. तो स्वयंपाकघरात धडपडत होता, कॅलेंडरसमोर उभा राहत होता, शेजाऱ्याला गाड्यांच्या वेळा विचारत होता. कोपऱ्यात पिवळा ठिपका होता. त्रिशलाला गंमत वाटली. नाव पद्मजाचं असलं तरी बघणारे अण्णा होते. नवरा आला की ते पुढे सरकून बसत आणि पेटी आपलं काम इमानेइतबारे करत होती. आईची गोष्ट हळूहळू अण्णांची होत चालली होती, आणि तरीही ती अण्णांची आधीची गोष्ट नव्हती. हिच्यात कुणी पलंगावर पडून हाका मारत नव्हतं.

त्या भागाच्या शेवटी सुलक्षणाचा नवरा एसटी स्टँडवर येऊन उभा राहिला आणि मालिका तिथेच थांबली. अण्णांनी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला.

"उद्या काय होईल म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

तिला तांत्रिक उत्तर येत होतं. उद्याच्या भागाबरोबर किमान तीन पर्याय हवेत फिरणार होते, आणि त्यातला कुठला या घरात उतरणार हे तिला जवळजवळ खात्रीने सांगता आलं असतं. ती म्हणाली, "बघा की तुम्ही उद्या."

ती पुण्याला परतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने अण्णांना फोन लावला, तो लागला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मगदुमांना विचारलं तर ते म्हणाले, सर किल्ली देऊन गेलेत, तुम्हाला ठाऊक असेल असं आम्हाला वाटलं. तिला काळजी वाटली नाही असं नाही. पण काळजीच्या तळाशी दुसरंच काहीतरी उकळत होतं आणि ते काळजीपेक्षा बरं होतं.

त्याच्याही दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आवाज तुटक येत होता. मागे पुष्कळ मुलींचा गलका होता.

"अण्णा आलेत," आई म्हणाली. "न सांगता. मी बाहेर आले तर दारात उभे, पिशवी घेऊन. बस मधेच बंद पडली म्हणून शेवटची वाट ट्रॅक्टरवर बसून आले."

"रागावलीस?"

"कुसुमताई रागावली. म्हणाली, सांगितलं असतंत तर माणूस पाठवला असता." आई हसत होती, हे तुटक आवाजातही कळत होतं. "किती दिवस राहणार विचारलं तर म्हणाले, अजून ठरवलं नाही. सकाळपासनं पोरींना घेऊन अंगणात बसलेत. या गावचं पाणी कुठनं कुठं जातंय ते मातीत काढून दाखवतायत. पोरींनी त्यांच्या दोन चुका काढल्या. खूष झाले."

त्रिशलाने विचारलं की मालिकेचं काय. परवाचा भाग त्यांनी बघितला होता का, सुलक्षणाचा नवरा गाडीत चढला की नाही?

आईने फोन बाजूला धरून विचारलेलं तिला ऐकू आलं. मग अण्णांचा आवाज आला, लांबून, कामात असलेल्या माणसाचा.

"माहीत नाही बा," ते म्हणाले. "माझी गाडी पाचची होती."